म्हैस खाली उतरली तेव्हा

पौडेलांच्या गोठ्यापासून आमच्या टोलापर्यंत
बत्तीस पायऱ्या.
आमाने कर्ज काढून म्हैस घेतली,
दावं धरून खाली आणली,
आणि मधल्याच कुठल्यातरी पायरीवर
म्हशीची जात बदलली.

कितव्या, ते मी पुष्कळदा मोजून पाहिलं.
विसाव्या पायरीवर तिने शेण टाकलं,
तोवर बहुधा बामणीणच असावी,
कारण ते शेण
पौडेलांच्या सुनेने उघड्या हातांनी उचलून नेलं.

परवाच तिच्या दुधाच्या खिरीवर
पुरोहिताने ढेकर दिली होती.
आज तेच दूध
डेअरीच्या उंबऱ्याबाहेर, आमच्या कॅनमध्ये.
सचिव भोजराज म्हणाले, माझं काही नाही गं धनसरा,
पण बाजारातले चहावाले घेणार नाहीत.
चहावाले म्हणाले, आमचं काही नाही, गिऱ्हाइकं आहेत.
गिऱ्हाइकं म्हणाली, आमचं काही नाही,
घरात म्हातारी माणसं आहेत.
म्हातारी माणसं म्हणाली, देव आहे.
देवाला विचारावं
तर आम्हाला आत सोडत नाहीत.

मी तेव्हा पाचवीत.
लॅक्टोमीटर वाचता येणारी घरात मी एकटीच.
काचेची नळी दुधात सोडली
की जराशी डुलते, मग थांबते.
आमचं तीस.
पौडेलांचं चोवीस,
म्हणजे चांगलं तांब्याभर पाणी.
पण त्यांचं पाणी चालतं.
जुन्या कायद्यात आमचं नावच होतं
पाणी न चालणारे.
जे चालतच नाही, ते आम्ही
दुधात तरी कसं घालणार?

आमा डेअरीच्या दारात जाऊन बसली.
दुसऱ्या दिवशी शेजारी बाटुली सार्की,
मग फूलमाया परियार, कडेवरच्या पोरासकट.
आता हेही सांगते, लपवत नाही:
आम्ही लोहार, त्या चांभार, ती शिंपीण.
आमच्या आमच्यातही
कुणी कुणाच्या हातचं पीत नव्हतं.
तिसऱ्या दिवशी ऊन डोक्यावर आलं,
फूलमायाचं पोर रडायला लागलं,
आणि एकच लोटा
सगळ्यांच्या तोंडाला लागला.
याची बातमी कुठेच आली नाही.

हवालदाराने वही उघडून विचारलं,
मागणी काय?
आमा म्हणाली,
नळी बुडवा. आकडा लिहा.
एवढीच? त्याने लिहिलं,
किरकोळ.

अकरा दिवस आम्ही दही खाल्लं,
ताक प्यालो, तूप कढवलं.
टोलातली हडकुळी पोरं
जन्मात पहिल्यांदा गुबगुबीत झाली.
बाराव्या दिवशी जिल्ह्यातून कागद आला.
दूध घेतलं.
वेगळ्या कॅनमध्ये,
गळ्याला लाल दोरा बांधून.

खाली सडकेवर ट्रकवाला मधेशी पोरगा
घाईत होता. त्याला दोरा कळला नाही.
त्याने सगळे कॅन एकाच टाकीत ओतले
आणि विडी पेटवली.
भोजराजांनी पाहिलं.
मी पाहिलं, की त्यांनी पाहिलं.
ते चष्मा पुसत राहिले.

त्याच संध्याकाळी म्हैस दावं तोडून
जुन्या सवयीने वर गेली.
पौडेलांची म्हातारी काठी घेऊन बाहेर आली,
पण हाकलावं की चुचकारावं
हे तिला ठरवता येईना.
म्हैस अंगणाच्या मधोमध
रवंथ करत उभी.
आमा खालून ओरडली, जा गं, घेऊन ये तिला.

मी निघाले.
कितव्या पायरीवर थांबायचं
हे मला चालायला लागल्यापासून ठाऊक.

त्या दिवशी
मी मोजायचं विसरले.