वजनाचा मंगळवार

काटा आढ्याला टांगलेला, त्याला निळी झोळी.
खाडीवरचा वारा तिला रिकामीच हलवतो,
दोनशे ग्रॅम दाखवते. मी दर महिन्याला तेवढे वजा करते.

तुझा तरू झोळीत घातला तेव्हा रडला नाही.
सगळी रडतात, ऋजुता.
तांडेलांची पोरं अशी बोंबलतात
की सुकत घातलेल्या बांगड्यांवरचे कावळे उडतात.
तू म्हणालीस, किती शहाणा आहे बघा.
मी हो म्हटलं आणि काटा वाचला.
झोळी वजा जाता सहा किलो सातशे.
वय दहा महिने.

टिंब पिवळ्या पट्ट्यात, लालच्या अगदी कडेला पडलं.
टिंबाचं एवढं नाही, टिंबं चढतात उतरतात.
मला खटकली त्याची बोटं.
पेरं काळी, कारखान्यात काजू फोडणाऱ्या बायकांची
चिकानं होतात तशी.
त्यानं तर अजून एक बी हातात धरली नव्हती.

सातव्या महिन्यात बसायचा ना गं?
तू समुद्राकडे बघायला लागलीस.

तुम्ही पुण्याहून आलात, कातळावरची पडीक बाग घेतलीत.
गाय नाही, कोंबडी नाही, मधाचं पोळंसुद्धा झाडावरच.
ग्रामसभेत तुझा नवरा बोलला,
दूध वासराचं असतं, आपण चोरतो.
लोक हसले. मी नाही हसले.
आमच्या गोठ्यात पाडा कसा सुकत गेला
ते मी लग्नाच्या पहिल्या वर्षी पाहिलंय,
आणि चहा पीत राहिलेय.

माझी सासू असती तर म्हणाली असती,
बाळंतणीक मोरी घाल गो, दूध येतला.
पण तुला दूध भरपूर होतं. तेच तर.
कणकवलीच्या रिपोर्टात दोघांच्या नावापुढे
एकच बाण, खाली वळलेला.
जे तुझ्यात नव्हतं ते दुधात कुठून उतरणार?

डॉक्टर चिडले नाहीत. मासे खा, म्हणालेही नाहीत.
आधी सुई, मग थेंब, रोज, चुकवायचे नाहीत.
तुलाही गोळी.
सैंधव बाजूला ठेव, आयोडीनचं मीठ घे.
नाचणी चालेल, कुळथाची पिठी चालेल, तीळ कुटून घाल,
पण हे बी-बारा कुठल्याच पानात उगवत नाही.
मग गाईत कुठून येतं? तू विचारलंस.
तिच्या पोटातले जंतू करतात, म्हणाले.
म्हणजे गाईचंही नाही ते,
असं म्हणून तू हसलीस,
आणि लगेच रडलीस, तिथेच, टोकन हातात धरून.

परतीच्या एसटीत तू विचारलंस, माझं चुकलं का?
मी खिडकी लावायला उठले. ती लागत नव्हती.
आचऱ्यापर्यंत मी तिच्याशीच झटत राहिले.
चुकलं, असं म्हणता आलं असतं.
पण माझ्या वहीत अशी किती घरं आहेत,
बंदीच्या दोन महिन्यांत पेज, मीठ, आंब्याची फोड,
शेळी विकलेली, अंडं बाजारात गेलेलं.
त्यांनी काही सोडलेलं नाही.
त्यांच्या जेवणाला कोणी नाव दिलेलं नाही,
म्हणून ते जेवण मला कधी दिसलं नाही.

या मंगळवारी तरू रडला.
हातपाय झाडून, झोळी फाटेल असा.
काट्याची सुई थांबेचना.
मी सात दोनशे लिहिलं, पुढे प्रश्नचिन्ह काढलं.
तू थेंबांची बाटली पर्समधून काढून दाखवलीस,
अर्धी रिकामी, लेबलावर तारखा पेनानं.

तुझ्या मागे रांगेत शेवटी सुगंधाची मुलगी होती,
वाडीच्या टोकाच्या घरातली, अकरा महिन्यांची.
झोळीत घातली, गप्प राहिली.
बाई, ह्या कधी रडत नाय, सुगंधा म्हणाली,
लय शाना.
मी पेन खाली ठेवलं
आणि तिची मूठ उघडली.