पोस्ट नंबर सात

शुक्रवारी दुपारी अंबडच्या रस्त्यावरून
चहाची टपरी, दोन भंगारवाले आणि नावगाव नसलेली कुत्री
हलवली गेली.
वजनकाटा तेवढा राहिला, त्याला चाकं नव्हती.
त्याच्यापुढचं वळण ते सातवं.
तिथे माझी नेमणूक: एक पिवळा झेंडा, एक वॉकीटॉकी,
बसायला द्राक्षाचं उलटं क्रेट
आणि सूचना, की बसायचं नाही.

एरवी मी याच रस्त्यावर, गाळा नंबर एकोणीस,
लेथवर असतो. बुश काढतो.
सत्तावीस नंबरच्या गाडीचे पुढचे चार बुश
दिवाळीनंतर मीच काढले, अन्वर मणियारच्या शब्दाखातर,
फुकट; म्हणजे पैसे अजून मिळालेले नाहीत.
चौथा काढताना लाइट गेली होती.
आली तेव्हा मी माप पुन्हा घेतलं.
घेतलंच असणार.

शनिवारी गाड्या आल्या.
अशी गाडी जवळून पाहिलीय कधी?
तिला अंगच कमी. चाकं चार कोपऱ्यांना
दाराबाहेरच्या चपलांसारखी, कुणीही बघावीत.
मडगार्ड नाही, छप्पर नाही,
मध्ये टबात बसवलेल्या पोरासारखा एक माणूस,
आणि प्रत्येक सळई, प्रत्येक नट उन्हात.
आमचा माल खोक्यात बंद होऊन जातो,
पुढे त्याचं काय होतं, कळत नाही.
इथे माझं काम ताशी दोनशेनं समोरून गेलं,
परत आलं, परत गेलं.
एका फेरीला एक मिनिट एकोणचाळीस सेकंद.
एका बुशला मला लागतात अकरा मिनिटं.

सत्तावीस चालवत होती ऋजुता गायधनी, वय बावीस.
अन्वर म्हणतो, पोरगी ब्रेक असा मारते
जशी लोक उधारी देतात: अगदी शेवटी.
पात्रता फेरीत तिसरी.
त्या रात्री मी झोपेत बोटांनी काहीतरी मोजत होतो,
असं बायको सांगते.

रविवारी मिसळ खाऊन गाव लोटलं.
गच्च्यांवर, कंपाउंडवर, टँकरच्या टपावर माणसं,
पलीकडे पांडवलेणीचा डोंगर, त्याला काही पडलेली नाही.
अकराव्या फेरीला ती दुसरी झाली, माझ्याच वळणावर,
आतून, वजनकाटा सोलून निघावा इतक्या जवळून.
मी ओरडलो. मार्शलनं ओरडायचं नसतं.

चौदाव्या फेरीला पुढचं उजवं चाक
मला थरथरताना दिसलं.
किंचित. उकळी फुटायच्या आधी पाणी हलतं तेवढं.
पंधराव्याला पुन्हा. की तापलेल्या डांबराची वाफ?
सोळाव्याला मी बटण दाबलं:
"पोस्ट सात. सत्तावीस. पुढचं उजवं. हलतंय."
माझाच आवाज मला थेटेसाहेबांचा वाटला,
अख्खी लॉट रिजेक्ट करतात तेव्हाचा.

काळा झेंडा, मध्ये नारिंगी गोल, बाजूला तिचा नंबर.
दोन फेऱ्या तिनं तो पाहिला नाही. किंवा पाहिला.
मग आत गेली.

मी पिटमध्ये पोचलो तेव्हा
अन्वरनं सगळं ताडपत्रीवर मांडलं होतं.
बोल्ट बरोबर. सळई सरळ. बेअरिंग गुळगुळीत.
चारही बुश अजून गरम, आणि मापात.
चौथा मी तीनदा मोजला.
"काय दिसलं तुम्हाला?" तिनं विचारलं.
हेल्मेटनं चपटे झालेले केस, कपाळावर लाल वळ,
आवाज जराही चढलेला नाही.
मी म्हटलं, चाक.
ती म्हणाली, ते तर सगळ्यांनाच दिसतं.

सोमवारी रस्ता पुन्हा आमचा.
सातव्या वळणावर रबराचे दोन काळे पट्टे,
त्यांवरून पत्र्यानं भरलेला ट्रक आला,
वजनकाट्यावर थांबला.
चाकं त्याची मडगार्डखाली, रबरी पडद्याआड,
कोण जाणे कशी.
मी चहाचा ग्लास घेऊन वाकलो.
ड्रायव्हर म्हणाला, काय भो, काय हरवलं?
टपरीवाल्यानं परस्पर सांगून टाकलं,
सकाळपासून असंच चाललंय त्यांचं.