तीनदा म्हणजे ठीक

दिवसभर मी पाषाणच्या गाळ्यात
पांढऱ्या पडद्यापुढे माणसं बसवते.
कान दिसू द्या. चष्मा काढा. हसू नका.
एका शीटवर आठ चेहरे,
कात्रीने कडा सरळ.

रात्री शहराला यातलं काहीच सांगता येत नाही.
ते बसतं तसंच, पाय पसरून,
टेकडीच्या पायथ्यापासून पार हिंजवडीपर्यंत,
आणि डोळे मिटू नका म्हणावं
तर नेमका भलताच मिटतो.

बाणेर टेकडी चढायला चाळीस मिनिटं लागली.
गिरिपुष्पाच्या वाळक्या शेंगा पायाखाली मोडत होत्या,
कुणाचं तरी कुत्रं ओळख दाखवून गेलं.
ट्रायपॉडचा एक पाय सुतळीने बांधलाय,
त्याला वजनाला पाण्याची बाटली.
वारा हायवेकडून येतो, डिझेलचा,
थोडा ओल्या सिमेंटचाही.

लांब सिंहगडावरचे लाल दिवे.
पाषाणचं तळं तेवढं काळं,
एवढ्या उजेडात कुणाला न सांगता निजलेलं.
आणि समोर बालेवाडीचे मनोरे,
काहींच्या खिडक्यांना पडदेसुद्धा लागले,
काही अजून नुसती हाडं.
त्यातल्या एकावर क्रेन,
क्रेनच्या पेटीत माझा भाऊ नवनाथ,
अठ्ठाविसाव्या मजल्याच्याही वर,
डबा, बाटली, आणि रात्रपाळीचा स्लॅब.

त्याला म्हटलं होतं, नऊ चाळीसला फोटो घेते,
तीनदा बॅटरी मार.
तेवढा वेळ क्रेन थांबवतो म्हणाला.
तीनदाच का, असं विचारलं
आणि मग आपणच हसला.

गावी, ओढ्यापलीकडे,
बाप रात्री उसाला पाणी धरायला जायचा.
आम्ही दोघं पडवीत जागे.
तीनदा उजेड म्हणजे ठीक आहे, झोपा.
एकदा म्हणजे या.
एकदा कधी मारला नाही त्याने.
साप चावला त्या रात्रीही तीनदाच.

नऊ चाळीस.
बटण दाबलं, हात मागे घेतला,
श्वासही.
तीस सेकंद म्हणजे किती ते मोजल्याशिवाय कळत नाही.
पाचव्याला सूसच्या खिंडीतून एक ट्रक निघाला.
नवव्याला माझ्यासमोरून एक जोडपं गेलं, सॉरी म्हणत.
(चालती माणसं या फोटोत उरत नाहीत.
त्यांना सांगितलं नाही.)
बाराव्याला क्रेनवर उजेड.
सतराव्याला दुसरा.
मग नाहीच.
मग अठ्ठाविसाव्याला, जवळजवळ चुकलाच होता,
तिसरा.

फोटो उमटला.
हायवेचा लाल-पांढरा एकच ओघळ.
जोडपं नाही.
क्रेनच्या पेटीत ठिपका.
एक.

कॅमेऱ्याला मोजता येत नाही, साठवता येतं.
तीन वेळचा उजेड तो एकाच जागी रचतो
आणि एकदाच दाखवतो, जरा जास्त पांढरा.
मला कळतं हे. बारा वर्षं हाच धंदा.
तरी वाचलं मी
पडवीतून वाचलं असतं तसंच.

त्याच्या क्रेनखाली कधी गेले नव्हते.
साडेअकराला बालेवाडीत, पत्र्याच्या फाटकाशी,
वॉचमन म्हणाला, ताई, वरचा माणूस सहाला उतरतो.
मी कॅमेरा पुढे केला. हा बघा. भाऊ.
त्याने जवळ धरून पाहिलं, मग लांब धरून.
काचेवर धूळ असेल, म्हणाला.

मी ओढणीने पुसली.
मग त्याने, बाहीने, जोर लावून.
बराच वेळ दोघंही बघत राहिलो.
बसा, म्हणाला, खुर्ची सरकवत.
वर क्रेन फिरत होती,
पाठ आमच्याकडे.