तिसरा आठवडा

राजारामपुरीतल्या जिममध्ये
काल चाळीस किलो उचलले
आणि भूक गेली.

आज रविवार.
सकाळी सहाला मटणाच्या रांगेत उभी राहिलेली वैजयंता
वाटीत पांढरा ओतते.
तांबड्यावरचा तवंग थरथरतो, मग थांबतो.
मी भाकरीचा पापुद्रा सोलत बसतो.

"भायेर खाऊन आलासा?"
"न्हाई गं."
"मग माझ्या हातचं ग्वाड लागंना व्हय?"

सोहेल म्हणतो, हुतंय असं सुरवातीला, काका,
अंग दमलं की पोट रुसतंय.
पण हिला कसं सांगू?
वीस वर्षं
माझ्या भुकेशीच तर बोलत आली ही.

ती खाली बसते, पाठ ताठ,
भरलं ताट दोन्ही हातांनी
एका दमात उचलते.

मला अजून जमत नाही तसं.