हजेरी

दिवाळीनंतर अर्धा वर्ग ऊसतोडीला जातो, बारडोलीकडे.
हेडसर म्हणतात, गावीत बाई, नावं कमी करा.
मी करत नाही.
रोज सकाळी रेवज्या वळवीचं नाव घेते,
थांबते.
उरलेली पोरं त्या गप्प जागेकडे बघतात.
एवढाच माझा धर्म वर्गात येतो.
क्रूस पदराआड असतो.

बी.एड.ला शिक्षणाची उद्दिष्टं पाठ केली होती.
आता एकही आठवत नाही.
आठवतं ते चिंचपाड्याच्या देवळात
आबांनी सांगितलेलं:
प्रभूनं लिहिलं ते एकदाच,
तेही बोटानं, धुळीत;
काय लिहिलं, कुणी उतरवून घेतलं नाही.
लोकांच्या हातातले दगड मात्र गळून पडले.

होळीला रेवज्या आला.
तळहातांवर पाचटाचे चरे,
आणि 'ळ' विसरलेला.
पाटी हरवली होती. मी अंगणात उकिडवी बसले,
त्याच्या शेजारी.
त्यानं मातीत कोयता काढला,
मग उसाची जुडी, मग काहीतरी वाकडं.
"बाई, हा ळ ना?"
नव्हता.
जुडीवर बोट ठेवून विचारलं, हे काय?
"मोळी."
पुन्हा म्हण. हळू.
"मो ळी."
तो स्वतःच्याच तोंडाकडे बघायला लागला,
जसं काही तिथं बघता येतं.

त्या दिवशी हजेरी घ्यायची राहिली.