परवा

मंक्टनमध्ये कुणाला तारीख विचारू नये,
तीन उत्तरं येतात.
फ्रेंच आधी दिवस लिहितात, इंग्रज आधी महिना,
आणि सरकार, वरून बघायची सवय म्हणून,
वर्षापासून खाली उतरतं.
दह्याच्या डब्यावर ०५/०६/०७ असलं
की वास घेऊन ठरवायचं.

मी कॉर्मिए आणि स्टीव्ज यांच्या कारखान्यात हिशेब लिहिते.
थडग्यांचे दगड.
ओनेझिम कॉर्मिए अक्षरं कोरतो, वॉलेस स्टीव्ज दगड घासतो
आणि दोघांत एकवीस वर्षं छत्तीसचा आकडा.
तो मी त्यांना एकदा काढून दाखवला,
तीन आणि सहा, पाठीला पाठ.
वॉलेस म्हणाला, यातला मी कोण?

बावीसच्या मार्चमध्ये एक चिठ्ठी आली, पेन्सिलीची, चेकसकट:
झेलिया गोदे.
जन्म ०८/११/१९४०. मृत्यू १२/०२/२०२१.
ओनेझिम म्हणाला, बाई आमच्यातली, म्हणजे बारा फेब्रुवारी.
वॉलेस म्हणाला, चेकवर सही हार्टली कॉल्पिट्सची,
म्हणजे दोन डिसेंबर.
चिठ्ठी उलटीकडून वाचली, तरी तेच आकडे.
जन्मही तसाच दुतोंडी.

फोन करणं माझ्यावर आलं.
बायको कोणत्या दिवशी गेली, हे माणसाला कसं विचारायचं?
वाक्य तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं.
शेवटी म्हटलं, महिना नीट लागत नाहीये.

पलीकडे किटली वाजत होती, ती त्याने बंद केली.
म्हणाला, जमीन गोठली होती. कुदळ लागेना.
मे उजाडेपर्यंत तिला दफनभूमीच्या कोठीत ठेवलं.
मी रोज जायचो. बाहेर गाडीतच बसायचो,
हीटरसाठी इंजिन चालू ठेवून.

मी फेब्रुवारी लिहिलं.

तो थांबेना.
शेडियाकच्या पोस्टात होती ती, तीस वर्षं.
रोज सकाळी शिक्क्याची रबरी चाकं फिरवायची.
रबरावर आकडे उलटेच, त्यामुळे असेल,
पण दोन्हीकडून सारखी तारीख आली
की स्वतःलाच एक पत्र टाकायची.
२०/०२/२००२. ११/०२/२०११.
शिक्का वर्षापासून सुरू होणार, त्यात गंमत मोडायची,
म्हणून खाली शाईने, आपल्या हाताने, पुन्हा.
बिस्किटांच्या डब्यात आहेत सगळी.
उघडलेलं एकही नाही.

बावीस फेब्रुवारीची वाट बघत होती.
परवा मीच टाकलं एक, तिच्या नावाने.
आधी माझ्या सवयीने महिना लिहिला,
मग खोडून, तिच्यासारखं.
अजून जमत नाही मला. चिठ्ठीतसुद्धा
दोनदा खोडलंय, बघा.

मी बघितलं. खोडरबराने कागद तिथे पातळ झाला होता.

'परवा' मी घातला. त्याच्या इंग्रजीत
मागचे काही दिवस होते, नीट मागेच असलेले.
आमचा शब्द कालच्या पलीकडे जातो आणि उद्याच्याही,
क्रियापद येईपर्यंत कळत नाही
कुणी गेलंय की कुणी यायचंय.
वॉलेसने विचारलं, मग, कधी?
आणि क्षणभर माझ्याजवळ तेवढाच शब्द होता,
क्रियापदाशिवाय.

ओनेझिमने खडूने आकडे मांडले.
महिन्याचं नाव नको, त्याने लिहिलंय तसंच, म्हणाला.
एरवी तो डावीकडून सुरू करतो.
या वेळी फूटपट्टी लावून मध्य काढला:
दोन दोनांच्या मधली ती तिरकी रेघ.
तिच्यावर छिन्नी टेकवली.
वॉलेसने, न सांगता,
दिवा जरा अलीकडे ओढला.