रुंदी

पर्वरीच्या हमरस्त्यावर आमचं काचेचं दुकान.
दुकान म्हणायचं नाही, असं ट्रेनिंगमध्ये सांगितलंय.
सगुण खांडेपारकर आले तेव्हा वॉचमननं त्यांना
ट्रकच्या स्पेअरपार्टवाल्याचा पत्ता सांगितला.
चूक त्याची नाही. पायात रबरी चपला,
शर्टाच्या खिशात चष्मा आणि अडकित्ता.

मी कॉफी विचारली.
पाणी दे बाय, म्हणाले, आणि गाडी.
ती, आतून-बाहेरून सांगू तशी करून देतात ती.

मग मी पेटी उघडली.
चामड्याचे एकोणचाळीस तुकडे, प्रत्येकाला नाव
कुठल्यातरी तळ्याचं नाहीतर वाऱ्याचं.
ते एकेक हुंगत गेले.
अक्रोडाच्या फळीवर नख वाजवून बघितलं.
शिलाईच्या दोऱ्याला पाऊण तास:
सुपारीच्या सालीचा रंग हवा,
पिकलेल्या, पण उन्हात न घातलेल्या.
मी लिहिलं, केशरी चार.
छतात तारे बसवून मिळतात, मी म्हणाले,
आठशे, हव्या त्या रात्रीचे.
तारे घरी आहेत, म्हणाले.

मनातल्या मनात मी कमिशन मोजत होते.
आईचे दोन मोतीबिंदू;
एका डोळ्यापर्यंत दोऱ्यावरच पोचले होते.

रंग काळा. तो एका श्वासात.

आणि मग खिशातून सुंभ निघालं,
घरी वळलेलं, दोन टोकांना दोन गाठी.
गाडीपुढे उकिडवे बसले,
एक गाठ मला दिली डाव्या आरशापाशी धरायला.
उजवीकडे पुरेना.
चार बोटं.
पुन्हा धरलं, ओढून. सुंभ कुठलं ताणतंय.

‘बाय, मातशी रुंदी कमी कर.’

काका, सगळं बदलतं, मी म्हणाले,
गालिच्याची लव, दार मिटतानाचा आवाज,
उंबऱ्यावर तुमचं नाव, देवनागरीतसुद्धा.
रुंदी नाही बदलत.
रुंदी कारखान्याची.

ते खुर्चीत बसले. अडकित्ता काढला,
सुपारी नव्हती, परत ठेवला.
सावईवेऱ्याला रस्त्यापासून घरापर्यंत पाणंद.
एका अंगाला ओहोळ, तो देवाचा.
दुसऱ्या अंगाला चिऱ्यांचा गडगा, तो रोहिदासचा.
रोहिदास कोण?
धाकटा, म्हणाले.
मग, जणू फॉर्ममधला राहिलेला रकाना भरावा तसं:
एकोणीस वर्षं.

मॅनेजरनं काचेआडून खूण केली, छोटं मॉडेल दाखव.
छोटं बसत होतं, वर दोन बोटं उरत होती.
त्यांनी मान वळवली नाही.
‘किती महिने लागतात?’
अकरा.
‘पुरतील,’ म्हणाले, आणि सही केली
हात न उचलता, मोडीसारखी.
खाणी चालू होत्या तेव्हा सोळा ट्रक होते त्यांचे,
हे मला मागाहून वॉचमननंच सांगितलं.
सुंभ टेबलावर राहिलं.
मी त्यानंच फाइल बांधली. पीळ शाबूत होता.

चवथ झाली. सातवा दिवस झाला.
सोमवारी फोन आला.
तिकडे गाडीला नंबर पडला होता,
बदल करायची मुदत संपून नऊ दिवस.
‘रंग बदलता येईल?’
दंड पडेल, काका. मोठा पडेल.
आणि काळा तर तुम्हीच सांगितलेला.

पलीकडे कुणीतरी खोकलं.
तो त्यांचा खोकला नव्हता.

‘काळा नको म्हणतो.’
कोण, ते मी विचारलं नाही.
‘हिरवा म्हणतो.’
मग फोनपासून तोंड लांब नेऊन, जोरात,
चिडून, अंगणभर ऐकू जाईल असं:
‘अरे पण कुठला हिरवा?’